साडेसातशे ग्रॅम

टोकावर साडेसातशे ग्रॅमचं वजन ठेवायचं.
स्प्रिंगनं ते उचललं, तर तलवार पास.
नाही उचललं, तर स्क्रू काढा, पुन्हा बसवा.
एकतीस वर्षं मी एवढंच करत आलोय
व्हिएर्झोंच्या क्लबाच्या मागल्या खोलीत,
जिथं ओल्या जॅकेटांचा वास
भिंतीतच मुरलाय.

गिलेन बेलरोझ आली तेव्हा नऊ वर्षांची.
आई मार्तिनिकची, इस्पितळात रात्रपाळीला;
मुलीला ठेवायचं कुठं, म्हणून इथं ठेवलेली.
मास्क एवढा ढगळ की मान वळली
तरी जाळी समोरच बघायची.
कोर्देलिए मास्तर म्हणाले, हिचे पाय बघ.
मी तारा बघत होतो.

पुढचं गावाला तोंडपाठ आहे.
डाव्या हाताची चाल, गुडघ्याची शस्त्रक्रिया,
दोन वर्षं कुणी नाव काढलं नाही,
आणि मग लिंत्झची अंतिम लढत.
चौदा-चौदा.
समोर हेल्वे, एस्टोनियाची, खांबासारखी उंच.
गिलेन खाली झेपावली, थेट पायाच्या अंगठ्यावर.
हिरवा दिवा.
ती किंचाळली, मास्क भिरकावला,
मास्तर रडले, मीही रडलो.
हेल्वे तेवढी आपल्या बुटाकडे बघत राहिली,
एखादं नाणं पडल्यासारखी.

त्या रात्री हॉटेलात, सवयीनं,
मी टोक उघडलं.
आत पिवळ्या व्हार्निशचा कण,
तिळाएवढा.
धातूच्या पट्टीवर टोक आपटलं तर दिवा लागत नाही.
पट्टीशेजारच्या लाकडावर आपटलं तर लागतो.
लाकूड पिवळं होतं.
मी कण स्क्रूंच्या डबीत टाकला
आणि दिवा मालवला.

मग हॉलवर तिचं नाव आलं, पितळी अक्षरांत.
चौकातल्या गोल बागेत दहा फुटी पोलादी पातं.
बेकरीवाल्यानं लांबुडका पाव काढला, नाव ‘गिलेन’,
शनिवारी दहाच्या आत संपतो.
ज्या घरमालकानं तिच्या आईला
खोली नुकतीच गेली असं तीनदा सांगितलं,
तो आता पाहुण्यांना पातं दाखवतो:
आमची.
आई त्या चौकातून बसनं जाते, वर बघत नाही,
तिला गुडघे सांभाळून उतरायचं असतं.

आणि मी? झाकली मूठ सव्वा लाखाची.
मूठ माझी, लाख तिचे,
का उलटं,
हे मला कधी नीट कळलं नाही.

ती आता पोरांना शिकवते. एकच गोष्ट दहादा सांगते:
जमिनीला लागलं तर हात वर करा.
पंचांनी विचारायच्या आधी.
मला वाटायचं, शिस्त.

गेल्या रविवारी जिल्ह्याची अंतिम लढत, आपल्याच हॉलमध्ये.
अपोलिन, अकरा वर्षांची, दात पडलेली, नऊ-नऊ.
झेप. दिवा.
लोक उठले.
आणि तिनं हात वर केला.
“जमीन,” म्हणाली, मास्कच्या आतूनच,
जसं कुणी म्हणावं, पाणी संपलंय.
पुढच्या वारात ती हरली.
हॉलनं टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.
नगराध्यक्ष, बेकरीवाला, घरमालकसुद्धा.
मी फक्त गिलेनकडे बघितलं.
एका हातात हातमोजा होता, त्यामुळे टाळी वाजेना,
का वाजवतच नव्हती.
नंतर ती कालव्याकडच्या दारातून बाहेर पडली.

अंधार पडल्यावर माझ्या खोलीत आली.
हातात काचेच्या कपाटातली तलवार,
लिंत्झची, मुठीला अजून तोच मळका पट्टा.
टेबलावर ठेवली.
“तपास,” म्हणाली.
मी म्हटलं, ही तर शोभेची.
“तपास.”

मी वजन ठेवलं.
स्प्रिंग दबली ती दबलीच,
इतक्या वर्षांचा गंज.
ती वजनाकडे बघत होती, मी तिच्याकडे नाही.
फळीवर डबी होती, हात पोचेल एवढ्यावर.
“स्क्रू काढावे लागतील,” मी म्हटलं.
“काढ.”

मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागलो.
बराच वेळ शोधला.
तो हातातच होता.